चढावरची ओढ

१९०८ साली ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेनं मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी घेतली. अंतर ६२० मैल, म्हणजे जवळपास हजार किलोमीटर, आणि वाटेत सहा घाट. रस्ते मातीचे आणि खडीचे, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी कापलेले. बोरघाटातला रस्ता १८३० साली चाकांच्या वाहनांसाठी खुला झाला खरा, पण तो बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बैल, घोडे आणि तोफांचे गाडे होते, पेट्रोलचं इंजिन नव्हतं. त्या कसोटीत अव्वल ठरली ती रोल्स-रॉइसची ४०/५० हॉर्सपॉवरची गाडी. तिचं नाव होतं ‘पर्ल ऑफ द ईस्ट’. याच जातीच्या गाड्यांना पुढे जगभर ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणू लागले. कसोटीनंतर ही गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली.

जुन्या मोटारींच्या रॅलीत उभं राहिलं की हा सहा घाटांचा प्रवास मला हटकून आठवतो. चकचकीत रंग आणि पितळी दिवे बघत लोक फिरत असतात आणि प्रत्येक गाडीशी एकच प्रश्न विचारला जातो, ‘किती हॉर्सपॉवर?’ उत्तर फलकावर लिहिलेलं असतं. फोर्ड मॉडेल टी, २०. ऑस्टिन सेव्हन, साडेदहा. सिल्व्हर घोस्ट, सुरुवातीच्या रूपात ४८. तीन लिटरची बेंटली, सुमारे ७०. लोक मनातल्या मनात क्रम लावतात आणि पुढे सरकतात. आकडे खरे आहेत, पण त्या क्रमावरून या गाड्या रस्त्यावर कशा चालत असतील हे कळत नाही. ते जाणून घ्यायचं तर घाटात जावं लागतं, निदान कागदावर तरी.

आधी एक खुलासा. काटेकोर बोलायचं तर ‘विंटेज’ म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबनं १९३० अखेरची मर्यादा घातली आणि ती रूढ झाली. सिल्व्हर घोस्ट आणि मॉडेल टी या दोघींचा जन्म त्याआधीचा, पण दोघी १९२०च्या दशकातही बनत होत्या. फोर्डनं मॉडेल टी १९२७ पर्यंत चालवली आणि तोवर दीड कोटी गाड्या विकल्या. म्हणून त्यांना या पंगतीत बसवायला हरकत नसावी.

आता हॉर्सपॉवरकडे वळू. पंचाहत्तर किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं की झाली एक हॉर्सपॉवर. या व्याख्येत जोर आहे आणि वेळही आहे. इंजिनाच्या भाषेत जोर म्हणजे टॉर्क, दांडा पिळण्याचा जोर, आणि वेळ म्हणजे मिनिटाला होणारे फेरे. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. त्यामुळे तीच शक्ती दोन अगदी वेगळ्या वाटांनी मिळते. मोटेचा बैल सावकाश चालतो पण पाण्यानं भरलेली मोट खेचतो. शर्यतीचा खोंड हलकी गाडी घेऊन वाऱ्यासारखा सुटतो. मोटर मिस्त्री या जोराला ‘ओढ’ किंवा ‘दम’ म्हणतात. इंग्रजी परिभाषेपेक्षा हे शब्द मला जास्त अचूक वाटतात, कारण इंजिन फार फिरत नसतानाही किती खेचतं तेच त्यातून कळतं.

आता या चार इंजिनांची ओढ मोजून पाहू. घोस्टचं इंजिन ७,०३६ सीसीचं, सहा सिलिंडरचं, आणि ४८ हॉर्सपॉवर ते मिनिटाला सुमारे १,२५० फेऱ्यांना देतं. हिशेब केला तर ओढ येते २७३ न्यूटन-मीटर, म्हणजे लिटरमागे ३९. फोर्डचं २.९ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन १,६०० फेऱ्यांना २० हॉर्सपॉवर देतं, पण त्याची सर्वांत जास्त ओढ ९०० फेऱ्यांनाच मिळते. ती ११२ न्यूटन-मीटर, म्हणजे पुन्हा लिटरमागे ३९. ऑस्टिन सेव्हनचं इंजिन ७४७ सीसीचं, साडेदहा हॉर्सपॉवर २,४०० फेऱ्यांना, लिटरमागे सुमारे ४२. तीन लिटरची बेंटली ७० हॉर्सपॉवर सुमारे ३,५०० फेऱ्यांना देते, लिटरमागे ४७.

मी पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो. एक गाडी राजेरजवाड्यांची, एक शेतकऱ्याची, एक मध्यमवर्गीय कुटुंबाची, एक शर्यतीतली, आणि तरी लिटरमागची ओढ इतकी जवळजवळ! कारण सोपं आहे. एका लिटर हवेत जळू शकेल तेवढंच पेट्रोल जळतं, आणि त्या काळात ते जाळायची रीत सगळ्यांची साधारण सारखीच होती. लिटरमागची शक्ती मात्र घोस्टची आणि फोर्डची सातच्या आसपास, ऑस्टिनची चौदा आणि बेंटलीची तेवीस. एवढी तफावत आली ती प्रामुख्यानं फेऱ्यांमधून. बेंटलीचा पिस्टन घोस्टच्या पिस्टनपेक्षा बळकट धक्का देतो असं फारसं नाही, तो तेवढ्याच वेळात जवळपास तिप्पट धक्के देतो.

मग घोस्टला किंवा फोर्डला जास्त फिरवलं का जात नव्हतं? कारण इंजिनाला श्वास घ्यायला जागा लागते. दोन्ही इंजिनं साइड व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नाहीत, कुशीला आहेत. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण बाजूनं वर येतं, वळसा घेतं आणि मग सिलिंडरमध्ये उतरतं. सावकाश चाललं तर हा वळसा जाणवत नाही, पण वेग वाढला की सिलिंडर भरायच्या आधीच व्हॉल्व्ह मिटतो आणि ओढ उतरू लागते. फोर्डची ओढ ९०० फेऱ्यांनंतर घसरते ती यामुळे. बेंटलीत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, सगळे डोक्यावर, आणि ते उघडणारा कॅमशाफ्टही डोक्यावरच. १९१९ साली पुढे आलेलं हे इंजिन आजच्या गाड्यांशी थेट नातं सांगतं. पिस्टन ॲल्युमिनियमचे. पहिल्या महायुद्धाच्या आधीच डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी एका फ्रेंच कारखान्यात कागदावर ठेवायचं वजन म्हणून वापरलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन पाहिला होता आणि तिथून ही कल्पना उचलली. बेंटलीचा पिस्टन एका धावेत १४९ मिलिमीटर वरखाली जातो. ३,५०० फेऱ्यांना तो मिनिटातून सात हजार वेळा थांबून उलटा वळतो, आणि मधल्या काळात त्याचा सरासरी वेग सेकंदाला सतरा मीटरच्या वर असतो. घोस्टच्या पिस्टनचा वेग पाच मीटरच्या आतबाहेर. बेंटलीतल्या हाणामारीत लोखंडी पिस्टननं स्वतःच्याच वजनानं कनेक्टिंग रॉड खेचून तोडला असता.

इथपर्यंत नुसतं इंजिन झालं. रस्त्यावर इंजिन एकटं जात नाही, अख्खी गाडी बरोबर ओढत नेतं. माणसं बसल्यावर मॉडेल टी आठशे किलोच्या आसपास, ऑस्टिन सेव्हन पाचशेच्या आसपास, घोस्ट साधारण दोन टन. प्रत्येकीच्या हॉर्सपॉवरला या वजनानं भागलं की टनामागे फोर्डला २५, घोस्टला २४ आणि ऑस्टिनला २१ येतात. म्हणजे महाराजांची गाडी, शेतकऱ्याची गाडी आणि दोन माणसं व एखादं मूल घेऊन निघालेली चिमुकली ऑस्टिन, तिघींनी एकाच घाटात जवळपास एकाच वेगानं चढायला हवं. तसं होत नाही.

दहाला एक असा चढ घेऊ, म्हणजे दहा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आठशे किलोच्या फोर्डला तिथे नुसतं मागे न घसरण्यासाठी ऐंशी किलोचा जोर लागतो. कच्च्या रस्त्यावर चाकं फिरवायला आणखी पंचवीस धरा. झाले एकशे पाच. आता इंजिनाकडे काय आहे ते बघू. टॉप गियरमध्ये मागच्या ॲक्सलचं प्रमाण ३.६४, चाक तीस इंचांचं. ११२ न्यूटन-मीटरची ओढ चाकापर्यंत पोचेतो, मधली झीज वजा जाता, सुमारे अठ्ठ्याण्णव किलोचा जोर उरतो. हवेत एकशे पाच, आहेत अठ्ठ्याण्णव. थोडक्यात हुकलं! गाडी वेग गमावत जाते, इंजिन गुदमरू लागतं आणि चालकाला खालचा गियर टाकावा लागतो.

मॉडेल टीला पुढे जायचे गियर दोनच. खालच्या गियरमध्ये जोर २.७५ पट होतो, म्हणजे पावणेतीनशे किलोच्या जवळ. चाराला एक असा चढही त्यात निघेल. पण इंजिन १,६०० फेऱ्यांवर रडकुंडीला येईपर्यंत रेटलं तरी वेग तासाला तेवीस किलोमीटर. आता शक्तीचा हिशेब पाहा. वीस हॉर्सपॉवरमधली झीज वजा करून उरेल त्या शक्तीत हीच गाडी हाच चढ तासाला चव्वेचाळीस किलोमीटरनं चढायला हवी होती. इंजिनात तेवढा दम आहे, पण तो रस्त्यापर्यंत न्यायला मधला गियरच नाही. टॉपमध्ये चढत नाही, खालच्यात धावत नाही. अमेरिकेत या एका उणिवेवर दुसऱ्यांचे धंदे उभे राहिले. रकस्टेल नावाचा दोन वेगांचा मागचा ॲक्सल फोर्डचे मालक वरून खर्च करून बसवून घेत, आणि मग दोनाचे चार गियर होत.

फोर्डबद्दल सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट ऐकीव वाटते, पण खरी आहे. फार खडा चढ आला की लोक मॉडेल टी वळवून उलट्या दिशेनं, रिव्हर्समध्ये चढवत. एक कारण म्हणजे रिव्हर्सचं प्रमाण चार, खालच्या गियरहूनही जोरदार. दुसरं कारण पेट्रोलचं. टाकी सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं कार्बुरेटरकडे वाहत जातं. गाडीचं नाक वर झालं आणि टाकी अर्धवट असली की कार्बुरेटर टाकीपेक्षा वर जातो आणि पेट्रोल यायचं थांबतं. उलटं चढलं की टाकी वर राहते. मला ही युक्ती फार आवडते. यंत्राचा स्वभाव ओळखून माणसानं त्याच्याशी केलेली ती तडजोड आहे.

आता घोस्टकडे येऊ, कारण गियरचा खरा धडा तिच्याच इतिहासात आहे. त्या काळी गियर बदलणं हे कसब होतं. आजच्यासारखी सिंक्रोमेशची सोय १९२८ साली कॅडिलॅकनं आणली. तोवर वेगवेगळ्या वेगानं फिरणारी दातेरी चाकं चालकानं स्वतःच्या कानानं आणि पायानं जुळवून घ्यायची. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडून इंजिनाला रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गियर टाकायचा. आपल्या एसटीच्या जुन्या चालकांना हा ‘डबल क्लच’ पाठ असायचा. चुकलं की कर्रर्र आवाज, आणि घाटात चुकलं तर गाडी थांबते, मागे सरकू लागते. म्हणून श्रीमंत गिऱ्हाइकाला हवं असे ते एवढंच, की गियर बदलायचीच वेळ येऊ नये. एकदा टॉप टाकला की माणसाच्या चालीपासून ते भरधाव वेगापर्यंत गाडीनं त्यातच चालावं. अख्ख्या युगाची मोटारींची पारख या इच्छेनं घडवली, आणि पुढे १९२८ पासून ‘द ऑटोकार’ साप्ताहिकानं रस्त्यावरच्या चाचण्या छापायला सुरुवात केली तेव्हाही तासाला दहा मैलांपासून तीस मैलांपर्यंत गाडी किती सेकंदांत पोचते हा आकडा त्यात मानाचा होता.

याच वेडातून १९११ ची ती नामांकित चुरस झाली. नेपियर ही रोल्स-रॉइसची कट्टर प्रतिस्पर्धी, सहा सिलिंडरच्या गाड्यांमध्ये ब्रिटनमधली आद्य. तिचे प्रचारक एस. एफ. एज यांनी १९०७ साली ब्रुकलँड्सच्या नव्याकोऱ्या धावपट्टीवर चोवीस तास गाडी चालवून १,५८१ मैल कापले होते. १९११ साली नेपियर लंडनहून एडिंबराला आणि परत, पूर्ण प्रवास टॉप गियरमध्ये, रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली गेली. ॲव्हरेज पडलं गॅलनला १९.३५ मैल, म्हणजे लिटरला पावणेसात किलोमीटरच्या थोडं वर. त्यानंतर ब्रुकलँड्सवर तिचा वेग भरला ताशी ७६.४२ मैल. रोल्स-रॉइसनं हे आव्हान स्वीकारलं. कंपनीचे अर्नेस्ट हाइव्ह्ज यांनी घोस्ट त्याच वाटेनं, त्याच अटींवर नेली. ॲव्हरेज गॅलनला २४.३२ मैल, लिटरला साडेआठ किलोमीटर. वेग ७८.२६ मैल, म्हणजे ताशी १२६ किलोमीटर. पुढे हलकी, निमुळती बॉडी चढवून हाइव्ह्ज यांनी घोस्ट शंभर मैलांच्या पलीकडे, १०१.८ पर्यंत नेली.

वेगातला फरक नगण्य आहे, पेट्रोलमधला फरक मात्र पाचव्या हिश्श्याहून मोठा. घोस्टचं मोठेपण मला त्या दुसऱ्या आकड्यात दिसतं. सात लिटरांहून मोठं इंजिन, दोन टनांच्या घरातली गाडी, आणि ॲव्हरेज असं की आजच्या एखाद्या जड एसयूव्हीच्या मालकानंही ऐकून घ्यावं. इंजिन सावकाश फिरत होतं म्हणून घर्षणात फार वाया जात नव्हतं, आणि हेन्री रॉइस यांनी कार्बुरेटरवर घेतलेली मेहनत कामी आली होती. १९०७ साली याच जातीच्या मूळ गाडीनं लंडन-ग्लासगो वाटेवर सारख्या खेपा घालत १४,३७१ मैल बिघाडामुळे एकदाही न थांबता कापले होते. त्याआधी, सुरुवातीलाच एकदा पेट्रोलची तोटी गचक्यांनी आपोआप बंद झाली, तेवढाच खंड. सात बेअरिंगांवर टेकलेला दणकट क्रँकशाफ्ट आणि प्रत्येक बेअरिंगपर्यंत दाबानं पोचणारं ऑइल, ही त्या टिकाऊपणाची कारणं.

टॉप गियरच्या या कौतुकाला लवकरच एका घाटानं उत्तर दिलं. १९०७-०८ च्या घोस्टला चार गियर होते, मुंबई-कोल्हापूर कसोटी तिनं त्या चारांवर काढली. १९०९ मध्ये कंपनीनं विचार केला असावा, की एवढी ओढ असलेल्या इंजिनाला चार हवेत कशाला? तीन केले. इंजिन मात्र वाढवून ७,४२८ सीसीचं केलं. सपाटीवर कुणाची काही तक्रार नव्हती. १९१२ साली जेम्स रॅडली हे घोस्टचे एक मालक आपली गाडी घेऊन ऑस्ट्रियातल्या आल्प्स पर्वतातल्या कसोटीत उतरले. काट्शबर्ग नावाच्या घाटात गाडी उभी राहिली. पहिला गियरसुद्धा त्या चढाला पुरेना. दोन माणसं खाली उतरवावी लागली, तेव्हा कुठे गाडी वर गेली. जगातली सर्वोत्तम मोटार म्हणवणाऱ्यांसाठी हा घाव जिव्हारी लागणारा होता. १९१३ च्या कसोटीला रोल्स-रॉइसनं स्वतःच्या गाड्या पाठवल्या, इंजिनाची शक्ती वाढवली आणि गियरबॉक्स पुन्हा चार गियरचा केला. त्या वर्षी आल्प्समधले तेच घाट या गाड्यांनी दिमाखात पार केले. कर्जतला घाट चढण्याआधी रेल्वेगाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात ते ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बेंटली या गोष्टीत उशिरा येते आणि वेगळ्याच कारणानं अशी घडते. ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर हॉर्सपॉवरवर आकारला जाई, पण ती हॉर्सपॉवर मोजलेली नसे, सूत्रानं काढलेली असे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांमध्ये वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले अडीच. १९२१ पासून अशा प्रत्येक हॉर्सपॉवरमागे वर्षाला एक पौंड. सूत्रात पिस्टनच्या धावेचा उल्लेखच नाही! मग काय, ब्रिटिश कारखान्यांनी सिलिंडर अरुंद आणि लांब केले. बेंटलीचा व्यास ८० मिलिमीटर आणि धाव १४९, विहिरीसारखी खोल. सरकारच्या वहीत ती १५.९ हॉर्सपॉवरची, रस्त्यावर ७० ची. तीच मॉडेल टी वहीत २२.५ आणि रस्त्यावर २०. करापोटी फोर्डचा मालक बेंटलीच्या मालकापेक्षा जास्त भरत होता. ऑस्टिन सेव्हनचं नावच या वहीतून आलं, साडेसात-पावणेआठ करपात्र हॉर्सपॉवर म्हणून सेव्हन.

टनामागे चाळीसच्या पुढे हॉर्सपॉवर आणि चार गियर असलेली बेंटली घाटात या तिघींना मागे टाकणार यात शंका नाही, आणि तिचं खरं रान लांब पल्ल्याचं होतं. १९२४ आणि १९२७ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तीन लिटरच्या बेंटलीनं जिंकली. पण तिला फिरवत ठेवावं लागतं. टॉपमध्ये रेंगाळणं तिच्या स्वभावात नाही, आणि ज्यांना डबल क्लच जमत नाही त्यांच्यासाठी ती नाहीच.

ऑस्टिन सेव्हनविषयी मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण तिच्यात कमीत कमीत भागवण्याची कला आहे. क्रँकशाफ्ट दोनच बेअरिंगांवर, मध्ये आधार नाही. जोरात फिरला की तो मुलींच्या उड्या मारायच्या दोरीसारखा वाकतो. ऑइल दाबानं नाही, कारंज्यासारखं उडवून पोचवलेलं. पण गाडी साडेतीनशे किलोंच्या आसपास आणि चारही चाकांना ब्रेक पहिल्यापासून, जेव्हा कितीतरी मोठ्या गाड्यांना ते मागच्या दोनच चाकांना असत. फोर्डच्या लगेच मागे ठेवून चढवली तर तीन गियरांमुळे तिला निदान एक मधली पायरी मिळते.

सगळ्यांनाच बांधून ठेवणारी एक गोष्ट म्हणजे पेट्रोल. मिश्रण पेटवण्याआधी जितकं दाबाल तितकं त्यातून काम जास्त निघतं. घोस्टमध्ये ते सव्वातीन पटीच्या आतच दाबलं जाई, फोर्डमध्ये साधारण चार पटीनं. आजच्या गाडीत दहा पट सहज. त्या काळच्या पेट्रोलला जास्त दाब सोसत नसे. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकून पिस्टनवर घाव घाली, ज्याला मिस्त्री ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात. ब्रिटिश अभियंते हॅरी रिकार्डो यांनी १९१९ च्या सुमारास साइड व्हॉल्व्हच्या इंजिनाचं डोकं असं घडवलं की मिश्रण खळबळत, घुसळत जळावं आणि कोपऱ्यात न पेटलेलं काही उरू नये. ठोकणं कमी झालं, दाब थोडा वाढवता आला, आणि स्वस्त साइड व्हॉल्व्ह इंजिनांना आणखी तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य मिळालं. दुसरा उपाय शिशाचा. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांना टेट्राइथाइल लेडचा ठोकणं आवरण्याचा गुण सापडला आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकलं जाऊ लागलं. इंजिनं सुधारली, पण हवेत मिसळलेल्या शिशाची किंमत जगानं पुढे कितीतरी वर्षं मोजली.

घाटातल्या चालकाला हे ठोकणं हातानं आवरावं लागे. ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणारी काडी स्टिअरिंगपाशीच असे. मॉडेल टीमध्ये डावीकडे ठिणगीची, उजवीकडे रेसची. सपाटीला ठिणगी लवकर, चढाला इंजिन संथ झालं की उशिरा. कान इंजिनाकडे, बोटं काडीवर. ठिणगी फार लवकर पडली तर ठोकणं, फार उशिरा पडली तर ताकद कमी आणि उष्णता जास्त.

आणि उष्णता ही घाटातली दुसरी परीक्षा. पेट्रोलच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा रेडिएटरच्या पाण्यात उतरतो. चढावर इंजिन पूर्ण रेटलेलं, गाडी मात्र हळू, त्यामुळे रेडिएटरला वारा लागत नाही. फोर्डमध्ये पाणी फिरवायला पंपही नाही. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली येतं, एवढ्या भरवशावर सगळं. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी शंभर अंशांऐवजी पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळतं आणि हवा आठव्या हिश्श्यानं विरळ झाल्यानं इंजिनाची शक्तीही तेवढी उतरते. बॉनेट उघडून, वाफेकडे बघत घाटात उभी राहिलेली गाडी आणि झऱ्यावर डबा भरायला गेलेला क्लीनर, हे चित्र आपल्याकडे अगदी परवापर्यंत होतं.

वर पोचल्यावर उतार येतो. सव्वातीन-चार पटीनं दाबणारी ही इंजिनं गियरमध्ये ठेवूनही गाडी फार रोखून धरत नाहीत. मॉडेल टीमध्ये पायाखाली तीन पेडल असत. एक खालच्या गियरचं, मधलं रिव्हर्सचं आणि तिसरं ब्रेकचं. तिन्ही गियरबॉक्समधल्या ड्रमवर पट्टे आवळत. लांब उतारावर एकच पट्टा सारखा घासला तर जळून जाई. म्हणून सराईत चालक घाट उतरताना तिन्ही पेडल आलटूनपालटून दाबत, एका पट्ट्यानं गाडी धरलेली असताना बाकीचे दोन तेलात गार होत राहत, आणि गाडी पायथ्यापर्यंत तशीच उतरत जाई.